सूचना : शिफ्ट सुपरवायझर सभासदांसाठी
वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालन्याच्या सर्व सभासदांनी दुसऱ्या शनिवारच्या बैठकीला येताना ऑपरेटरला विचारलेले किमान 3 प्रश्न आणि त्याची उत्तरं वहीत लिहून आणावीत. उत्तर त्याच्याच शब्दांत हवं, आपण सुधारून घेतलेलं नको.

ऑपरेटर येतो, "साहेब, बोअर (भोकाचा आतला व्यास) कमी यायलाय." आपण लगेच "ऑफसेट दे" (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती टाक) म्हणतो आणि तो उद्या पुन्हा येतो. त्याऐवजी विचारा: कितव्या पीसपासून? हळूहळू उतरला की एकदम? हळूहळू असेल तर बहुधा इन्सर्टची (टूलवरच्या बदलत्या कटिंग टिपेची) झीज. एकदम असेल तर टिप तुटली का, जॉखाली (पीस धरणाऱ्या जबड्याखाली) बर (धातूचा कीस) अडकली का, हे तो स्वतःच बघेल. मग शेवटचा प्रश्न: आता आधी काय तपासशील?

विचारल्यावर 10 सेकंद गप्प राहा. बहुतेकांचं इथंच बिघडतं, कारण आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. "इन्सर्ट बदलायला पाहिजे होता ना?" हा प्रश्न नव्हे, रागावणं आहे. टोयोटाचे पाच 'का' (मूळ कारण सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा 'का' विचारणं) बिघाडाला विचारायचे, माणसाला "का केलंस?" विचारलं की तो सबबी सांगतो. तिथं "काय झालं?" बरं. सगळ्यांसमोर विचारू नये, हे वेगळं सांगायला नको.

नव्या पोराला आधी करून दाखवा, मग विचारा. हात अडकला, धूर निघाला, तर प्रश्न नाही; आधी इमर्जन्सी स्टॉप.