सासूच्या नावचा फ्लॅट आणि सुनेचा राहण्याचा हक्क

संपादक महोदय,

'फ्लॅट सासूच्या नावावर असेल तर घटस्फोटाचा दावा चालू असताना सुनेला तिथे राहता येत नाही' हे आपल्या कायदेविषयक सदरातले उत्तर कालबाह्य आहे. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण तसेच म्हटले होते. पण १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. घर कोणाच्या नावावर आहे, यापेक्षा ती तिथे संसार करून राहत होती की चार दिवसांची पाहुणी होती, हे आता आधी पाहिले जाते.

अर्थात हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. सासू-सासरे वृद्ध असतील तर न्यायालय त्यांचीही अडचण पाहते आणि सुनेला दुसरी जागा किंवा भाडे देववू शकते. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडून झटपट आदेश आणून तिला बाहेर काढायचे, ही युक्ती मात्र सरसकट चालत नाही. तिथेही तिचा हक्क विचारात घ्यावाच लागतो.

गफलत होते ती या हक्कासाठी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज लिहिताना. 'मला घराबाहेर काढू नये' एवढीच मागणी केली जाते. मग नवरा महिनाभरात फ्लॅट भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून मोकळा होतो. या कायद्याच्या कलम १९ खाली घर विकण्यास, गहाण टाकण्यास आणि त्यातला हक्क सोडण्यास मनाई मागता येते. ती स्पष्ट शब्दांत मागावी आणि आदेशाची प्रत लगेच सोसायटीच्या सचिवांकडे देऊन पोच घ्यावी. त्याच कलमाखाली गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल कोणी भरायचे हेही ठरवून घेता येते. नाहीतर आदेश हातात आणि मीटर कापलेला, अशी गत होते. शिवाय कलम १८ खालचा संरक्षण आदेश (हिंसाचार करण्यास मनाई करणारा) सोबत मागायला विसरू नये. कलम ३१ ची शिक्षा (एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही) संरक्षण आदेश मोडल्यावर आहे, नुसता निवासाचा आदेश मोडल्यावर नाही.

पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, हे कायद्यात लिहिलेले आहे. तारखांचा अनुभव सगळ्यांना आहेच. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह पहिल्याच दिवशी द्यावा. घटस्फोटाचा दावा कुटुंब न्यायालयात चालू असेल तर कलम २६ मुळे हीच मागणी तिथेही करता येते. कुलूप बदलले असेल तर पोलीस 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून परत पाठवतात. आदेशातच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला अंमलबजावणीसाठी मदत करण्याचे निर्देश असले, की ते उत्तर चालत नाही. राहण्याचा पुरावा म्हणून आधार, रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवलेल्या बऱ्या. कपाटात राहिल्या की संपले.

भाड्याच्या घराचे गणित वेगळे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतो. त्याची मुदत संपली की घरमालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि दुप्पट शुल्काची मागणी करतो. मालकाचा या भांडणाशी संबंध नसतो. अशा वेळी तीच जागा धरून बसण्यापेक्षा नवऱ्याकडून तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे मागणे शहाणपणाचे.

पुरुषांसाठी अशी तरतूद नाही. पतीला मालकी किंवा सहमालकी दाखवून दिवाणी कायद्याचीच वाट धरावी लागते.

आणि हे सारे घटस्फोटाचा हुकूमनामा होण्याआधी. लग्न संपले की पत्नी म्हणून असलेला निवासाचा हक्क टिकवणे फार अवघड जाते. परस्परसंमतीचा घटस्फोट असेल तर घर कोणी, कोणत्या तारखेपर्यंत रिकामे करायचे आणि तोवरचे हप्ते कोणाचे, हे संमतीच्या अटींमध्ये लिहूनच घ्यावे.

– कौटुंबिक दावे चालवणारे काही वकील, ठाणे