सवलत माणसे मोजून देऊ नका: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

महोदय,

आयटी पार्कची घोषणा झाली की पहिला आकडा रोजगाराचा येतो. दोनापावला झाले, चिंबल झाले, आकड्यांचा उत्साह काही ओसरला नाही. आम्हाला त्यापुढचे बोलायचे आहे. फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा इथल्या महाविद्यालयांतून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. त्यांतले बरेच जण गोव्यातली नोकरी धरतच नाहीत, आणि धरली तरी दोन-तीन वर्षांत सोडतात. ‘पगार कमी’ एवढेच त्याचे कारण धरून कंपन्यांसाठी सवलती आखल्या, तर तिजोरीतला पैसाही जाईल आणि मुलेही जातील.

आधी पगाराचाच हिशेब. बंगळूरच्या कंपनीने सहा लाखांचे पॅकेज दिले की घरचे महिना पन्नास हजार धरून चालतात. एक नेहमीची विभागणी पाहा. मूळ वेतन निम्मे, म्हणजे 3,00,000. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी 12 टक्के, म्हणजे 36,000. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे 14,430. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, 60,000 धरा, ते मिळाले तर वर्षअखेरीस. विम्याचा हप्ता 10,000. हे सगळे त्याच सहा लाखांतून वजा होते. उरलेल्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे 36,000 पुन्हा निधीत जातात. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, तरीही खात्यात महिन्याला सुमारे 37 हजारच येतात. भविष्यनिर्वाह निधी निदान आपला असतो. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण पाच वर्षे भरल्याशिवाय मिळत नाही, आणि या धंद्यात पहिल्याच कंपनीत पाच वर्षे काढणारे थोडेच. तिथे पीजीचे भाडे, जेवण आणि चवथीला घरी येण्याचे तिकीट वजा केले की डिचोलीत घरी राहून 28 हजार कमावणाऱ्याच्या हाती तितकेच उरते, कधी जास्तही.

मग मुले जातात का? कारण तिथल्या कामाने पुढचा पगार वाढतो, इथल्या कामाने सहसा वाढत नाही. ‘समाधान की पगार’ अशी निवड करायला मुलांना सांगणे आम्हाला म्हणूनच पटत नाही. पहिल्या तीन वर्षांत या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

इथे येणारे बरेचसे काम पहिल्या पातळीच्या सपोर्टचे असते. तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, येते, चार तासांत बंद करायचे असते. मूळ दोष शोधायला दोन दिवस लागतील, म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद केले जाते. आठवड्याने तोच दोष नव्या क्रमांकाने परत येतो, आणि कंपनीच्या अहवालात दोन तिकिटे वेळेत बंद झाल्याची नोंद होते. कोड बदलण्याचा अधिकार पुण्याच्या किंवा हैदराबादच्या टीमकडे असतो. दोन वर्षे असे काढलेल्या मुलाला पुढच्या मुलाखतीत विचारतात, तू काय बांधलेस? त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. त्याचा पगार तिथेच अडतो, आणि तो कर्मचारी भरती आयोगाच्या कारकुनी परीक्षेचा अर्ज भरतो. कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन 19,900, वर महागाई भत्ता, घरी परतायची वेळ ठरलेली. गोव्यातल्या आयटीची खरी स्पर्धा बंगळूरशी जेवढी आहे तेवढीच या जागेशी आहे, हे उद्योग खात्याच्या सादरीकरणांत कुठे दिसत नाही.

ज्या कामात माणूस टिकतो, त्याच्या खुणा मोजता येतात. आपण लिहिलेला कोड किती दिवसांत वापरात जातो? तो दुसरे कोणी तपासते का, आणि तपासणारा पाच-सात वर्षे मुरलेला आहे का? वापरणाऱ्याची तक्रार थेट कानावर येते का? पहिल्या वर्षीच्या चार मुलांमागे असा एक ज्येष्ठ नसेल तर ती मुले एकमेकांच्या चुकाच शिकतात. गोव्यात नेमकी या ज्येष्ठांची वानवा आहे. पर्वरी-पणजी पट्ट्यात घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला सीझन आला की घरमालकाची नजर बदललेली कळते, आणि बाहेरून आलेला ज्येष्ठ अभियंता पहिल्या करारानंतरच निघतो.

रात्रीचे कामही हिशेबात घ्यावे लागेल. न्यूयॉर्कचे 9 ते 6 म्हणजे आपले हिवाळ्यात संध्याकाळी 7.30 ते पहाटे 4.30, उन्हाळ्यात त्याच्या तासभर आधी. त्या वेळी वेर्ण्याहून पेडण्याला किंवा काणकोणला कदंबची बस नसते. ऑन-कॉलचे, म्हणजे बिघाड झाला की केव्हाही हजर होण्याच्या पाळीचे, गणित तर आणखी साधे आहे. चार जणांची टीम असेल तर दर चौथा आठवडा फोन उशाशी घेऊन झोपायचे, दोघांची असेल तर आठवडाआड. गोव्यातल्या टीम छोट्या, म्हणून इथला माणूस लवकर थकतो, पगार कितीही असो.

घरून काम करणाऱ्यांची अडचण पावसात कळते. लॅपटॉप आणि राउटर मिळून 80 वॅटच्या आसपास घेतात. 150 एएचचा इन्व्हर्टर ते रात्रभर ओढतो. बंद पडतो तो खांबावरचा केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घरोघरी नेट पोचवणारी पेटी, कारण त्याची छोटी बॅटरी काही तासांत उतरते. घरात दिवे, पण नेट नाही. परवाना देताना या स्विचना आठ तासांच्या बॅकअपची अट घातली, तर फार खर्च न होता बराच त्रास वाचेल.

आता सवलतींबद्दल. डोकी आणि चौरस मीटर मोजून दिलेले अनुदान नेमके तिकीट बंद करणारे काम ओढून आणते, कारण त्यात डोकी जास्त लागतात आणि ती बदलली तरी चालते. त्याऐवजी टिकलेली माणसे मोजा. ते अवघड नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी कंपनी दरमहा जो ईसीआर, म्हणजे चलन-विवरण, भरते, त्यात प्रत्येक सभासद यूएएनसकट, म्हणजे त्याच्या कायमच्या खाते क्रमांकासकट, असतो. चोवीस महिन्यांचे ईसीआर मागवले की कोण राहिले आणि कोण गेले ते दिसते. अनुदानाचा 40 टक्के भाग पहिल्या वर्षानंतर आणि 60 टक्के दुसऱ्या वर्षानंतर, तोही टिकलेल्यांपुरताच द्यावा. सवलत घेणाऱ्या कंपनीने नेमणूकपत्रात व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी आणि विमा वगळून महिन्याला हातात येणारी रक्कम एका ओळीत लिहावी. नोटीस कालावधी 90 ऐवजी 30 दिवस ठेवावा, आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, अडवून धरणारा बाँड चालणार नाही असे योजनेतच नमूद करावे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत नोकरी सोडणाऱ्याचा अंतिम वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. सवलत देण्याआधी तो पाळला जातो का, एवढे कामगार आयुक्तांकडून तपासून घ्यावे.

सगळ्यात मोठे काम मात्र सरकारच्या स्वतःच्या हातात आहे. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला सॉफ्टवेअरचे काम दिले की तो ते नवशिक्यांकडून करून घेतो आणि वर्षभराने देखभालीचे पैसे मागतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीजबिल, कदंबचे पास या सेवा ज्यांच्यासाठी आहेत ती माणसे अभियंत्याच्या वाड्यावरच राहतात. चूक झाली तर शेजारी येऊन सांगेल, नीट चालले तरी सांगेल. असे काम बंगळूरचा पगार देऊ शकत नाही. त्यासाठी निविदेत तांत्रिक गुणांना वजन द्यावे, कामाचे तीन-तीन महिन्यांचे तुकडे करावेत आणि सोर्स कोड सरकारकडे राहील असे कलम घालावे. बिल वेळेत चुकते व्हावे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचा आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज देण्याचा कायदा आहेच. पण दहा माणसांची गोमंतकीय कंपनी आपल्याच गिऱ्हाईक खात्यावर त्या कायद्याने दावा लावत नाही, पुढचे काम जाईल या भीतीने. ती आधी पगार थकवते, मग माणसे गमावते.

या आर्थिक वर्षात निघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निविदांपैकी एक, अगदी छोटी का असेना, या कलमांसह काढावी. कलमांचा मसुदा लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गोव्यात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे काही अभियंते