तू पाठवलेल्या यादीबद्दल

सिडको, नाशिक
रविवार सकाळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी काल रात्री तीनदा वाचली. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच आणि मग तुझं तू ठरव. गाडी तुझ्या कमाईची आहे.

ऑडी टीटी घेऊन तू पहिल्यांदा घरी आलीस, त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून किती वेळ उभा होतो ते तुला आठवत असेल. आई वरून जेवायला हाका मारत होती आणि माझा पाय निघत नव्हता. सिडकोच्या आपल्या चाळीस फुटी गल्लीत माझ्या मुलीची स्पोर्ट्स कार उभी होती. सेकंड हँड का असेना, मला त्याचा फार आनंद झाला. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना बाबा घाबरलेत म्हणून नाही म्हणताहेत, असं मनात आणू नकोस.

यादीत चार गोष्टी आहेत: रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारी पेटी) काढून टाकलेला डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि त्याला जोडून मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि १९ इंची रिम. सगळं मिळून ३ लाख ४० हजार.

रीमॅपपासून सुरू करतो, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. तुझ्या गाडीचं दोन लिटरचं टर्बो इंजिन कंपनीकडून २३० हॉर्सपॉवरचं येतं. ट्यूनर म्हणतो, लॅपटॉप जोडला की ३०० च्या आसपास जाईल. तो खोटं बोलत नाही. इंजिन दणकट आहे; टर्बोचं प्रेशर, इग्निशनचं टायमिंग आणि पेट्रोलचं माप बदललं की एवढी ताकद निघते. मात्र कंपनीने ती मुद्दाम दाबून ठेवली होती, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. मी सातपूरला डिझेल इंजेक्टरच्या नोझलच्या लाइनवर आयुष्य काढलं. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. ती फट ठरवणारे लोक चांगल्या डिझेलचा विचार करून ठरवत नाहीत. भेसळीचं डिझेल, वेळेवर न बदललेला फिल्टर, राजस्थानातला मे आणि लडाखचा जानेवारी, हे सगळं धरून ठरवतात. इंजिनातही तशीच जागा मोकळी सोडलेली असते, आणि रीमॅपमध्ये आपण तीच वापरून टाकतो.

ती जागा आपल्याकडे कशाला लागते, ते बघ. टर्बोने हवा जास्त दाबली की ती जास्त तापते. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडते, ज्वाला पसरायला लागते, आणि ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर ते हातोडीसारखं बसतं. आजच्या गाडीत नॉक सेन्सर असतो. तो ऐकतो, कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि इंजिन वाचतं, पण त्याबरोबर ताकदही कमी होते. मे महिन्यात भर दुपारी चाळीस डिग्रीत चाकणच्या ट्रॅफिकमधून तासभर रेंगाळत बाहेर पडलीस आणि टाकीत ९५ ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला सहज दाद न देणारं, पेट्रोल नसलं, तर विकत घेतलेले सत्तर घोडे तुला जाणवणारसुद्धा नाहीत. मग पेट्रोलवरही कायम नजर ठेवावी लागेल. आपल्या भागातल्या पंपांवर मनमाडच्या पानेवाडी डेपोतून टँकर येतात, पण प्रत्येक पंपावर ९५ मिळेलच असं नाही. संगमनेरच्या पुढे रात्री अकराला तर मी त्याची आशाच ठेवणार नाही.

तू लिहिलंस की हेच इंजिन टीटीएसमध्ये, म्हणजे टीटीच्याच जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये, ३१० देतं. ताई, घराणं तेच आहे, पण तिथे टर्बो मोठा आहे, पिस्टन वेगळे आहेत आणि पुढचे ब्रेकही मोठे आहेत. कंपनीने ताकद वाढवली तेव्हा तिच्या सोबतीला काय काय वाढवलं, ते बघ.

आता तुला पूर्ण कधीच न सांगितलेली एक गोष्ट. आपली पद्मिनी होती ना, तिचा तुला फोटोच माहीत आहे. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगपाशी. मला तिचा पिकअप कमी वाटायचा. टूल रूममध्ये मित्र होते, मशीन होतं. मी हेड उतरवून प्लेन करून घेतलं, म्हणजे हेडचा थर घासून कॉम्प्रेशन वाढवलं. किती घासायचं याचा हिशोब मी केला होता, पण तेव्हाच्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलचा केला नव्हता. गंगापूर रोडवर गाडी अशी पळाली की मी दोन महिने त्याच आनंदात होतो. उतारावर नाही, पण चढावर बारीक टकटक ऐकू यायची. मी रेडिओ लावायचो.

मे महिना होता. ठाण्याहून परत येताना कसारा घाटाच्या मध्यावर हेड गॅस्केट गेलं. बॉनेटमधून वाफ, रेडिएटर रिकामा, सावली नाही. मागच्या सीटवर आई आणि आठ महिन्यांची तू. दुधाची बाटली संपलेली. एका ट्रक ड्रायव्हरने स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं, आम्ही तुझं अंग पुसत राहिलो, आणि साडेचार तासांनी टो करून इगतपुरीला पोचलो. आई मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. टकटक मी ऐकली होती आणि ऐकूनही गाडी घाटात घातली होती. याची टोचणी अजून गेलेली नाही. तुझी यादी बघितल्यावर पहिल्यांदा तोच वळणावरचा कठडा आठवला.

तुझ्या गाडीला सेन्सर आहेत, पद्मिनीला नव्हते, हे मला कळतं. म्हणूनच गाडीची प्रकृती आधी माहीत हवी असं म्हणतो. २०१६ ची गाडी, मीटरवर ६२ हजार, आणि सर्व्हिस बुकात मधली दोन वर्षं कोरी. सहा गिअरच्या त्या ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. ते बदललंय का? माहीत नाही. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या क्लचचं ऑइल? तेही नाही. शिवाय या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, २०० बारच्या दाबाने. जुन्या गाड्यांत ते इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पडायचं आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. इथे तसं फारसं होत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळीचे थर बसू शकतात आणि श्वास कोंडतो. कदाचित तुला जी ताकद कमी वाटतेय ती आत काजळीखाली असेल. ती साफ करायला रीमॅपच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो, आणि केवळ तेवढ्यासाठी मी तुला थांब म्हणेन.

डाउनपाइप आणि एक्झॉस्टला मात्र माझा सरळ नकार आहे. कॅट काढला की गाडी पीयूसीत बसत नाही आणि प्रदूषण-आवाजाच्या कलमात १० हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्सवरही येऊ शकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पण दंड भरता येतो. अपघातानंतर इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने गाडीखाली वाकून बघितलं आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडकतो. समोरच्या माणसाला लागलं असेल आणि आपण वकिलाच्या दारात बसलोय, हे चित्र मला सहन होत नाही. आणि खरं सांगू? रात्री दीडला त्या आवाजाने कुणाचं तान्हं मूल जागं व्हावं, हे तुझ्या स्वभावात नाही.

स्प्रिंगांबद्दल थोडं खोलात जातो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. गाडी खाली आली की वळणावर कमी कलते, असं सगळे समजतात. तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर. गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून रोल सेंटर जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे कलायला लागणारी तरफ लांब होते. नुसत्या स्प्रिंगा टाकून गाडी खाली आणली तर ते झाकायला त्या कडक कराव्या लागतात, आणि मग मूळचे शॉक ॲब्सॉर्बर त्यांना आवरू शकत नाहीत. दिसायला गाडी जमिनीला चिकटलेली आणि चंदनापुरी घाटात खड्ड्यावर चाक हवेत. त्र्यंबक रोडच्या स्पीडब्रेकरचं तर बोलतच नाही. १९ इंची रिमचं उत्तर त्यातच आलं: चाक जड होतं, टायरची भिंत बुटकी होते, पुणे-नाशिक रस्त्यावर पावसाळ्यात रिम वाकते. नको.

तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, तेही लिहितो. टायर आधी. भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुझ्या मागच्या दोन्ही टायरवर मी स्वतः वाचलंय, ते सात वर्षांचे आहेत. नक्षी शिल्लक आहे पण रबर सुकलंय. आता इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धी खुली आहे, तू इथून मुंबईला त्याच रस्त्याने जातेस. ताशी १२० च्या मर्यादेत तापलेल्या काँक्रीटवर सुकलेल्या रबराने जाऊ नकोस. चारही नवे, चांगल्या कंपनीचे, मूळ मापाचे.

मग ब्रेक. ताशी ८० वरून थांबताना ब्रेकने जेवढी उष्णता गिळायची, त्याच्या सव्वादोन पट १२० वरून गिळायची असते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चं फ्लुइड नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ ला उकळू शकतं. उकळलं की पेडल मऊ पडतं आणि पाय जमिनीला लागतो. इगतपुरीसारख्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं, आणि तुझ्या गाडीचं कधी बदललं त्याची नोंद नाही. त्याच्याबरोबर पॅड, लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे) रबरी बुश, अलाइनमेंट, दोन्ही ऑइलं, प्लग, व्हॉल्व्हची सफाई. मी इथल्या दोघांकडे विचारलं, सगळं मिळून तुझ्या यादीच्या निम्म्यात होतं. बुश नवे पडले की स्टिअरिंग कसं हातात येतं ते बघ. मला वाटतं, तू जे शोधतेयस त्यातलं बरंच तिथे सापडेल.

यादीच्या शेवटी तू एक वाक्य लिहिलंस, "बाबा, गाडी अजून माझी वाटत नाही." मी त्यावरच जास्त वेळ थांबलो. दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूबद्दल तसं होतं. तुला आठवतं, तू पाचवीत असताना आपण महाराष्ट्र रॅली बघायला गेलो होतो? धुळीत डोळे चोळत तू एकाच ठिकाणी उभी राहिलीस, सर्व्हिस पार्कमध्ये. गाड्या पळताना बघण्यापेक्षा मेकॅनिक चाकाखाली झोपून एकेक बोल्ट चाचपत होते, ते तुला बघायचं होतं. घरी आल्यावर तू माझ्याकडून पाने मागून घेतलेस आणि सायकल पूर्ण उघडलीस. ती सायकल तू नंतर कुणाला हात लावू दिला नाहीस. या गाडीला तू अजून हात लावलेला नाहीस, फक्त चालवलीयस.

एवढं करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालव. त्यानंतरही रीमॅप हवाच असेल, तर मी अडवणार नाही, मीही बरोबर येईन. फक्त आधी कॉम्प्रेशन टेस्ट करू, इंजिनच्या कॉम्प्युटरची मूळ फाइल जपून ठेवायला सांगू, इन्शुरन्सला लेखी कळवू आणि त्यांचं उत्तरही लेखी घेऊ. आणि वेगाची हौस पुण्याच्या रस्त्यावर नको. त्यासाठी कोइम्बतूरचा कारी ट्रॅक आहे, चेन्नईचा आहे. मात्र लक्षात ठेव, खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपला.

शनिवारी येच. शुक्रवारी रात्री निघू नकोस, सकाळी नारायणगावला नाश्ता करून ये. मी जॅक, स्टँड काढून ठेवलेत. दोघं मिळून खालून एकदा सगळं बघू, ऑइलची गळती कुठे आहे का, वॉटर पंपापाशी ओल आहे का. तुझा धाकटा भाऊ टॉर्च धरायला तयार आहे. आईने विचारलंय, मागच्या वेळचे डबे आणशील का.

तुझा,
बाबा

ता. क. टायर पुण्यातच बदललेस तर टायरवाल्याला एअर गनने बोल्ट आवळू देऊ नकोस. टॉर्क रेंचने, १२० न्यूटन मीटर, आणि एक आड एक. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायचे. नाशिकला पोचेपर्यंत तेवढे होतातच, मी खालीच उभा राहीन.