नांडोलोचा रस्ता

लिंबे, ब्लँटायर (मलावी)
ऑगस्ट अखेर

प्रिय दिन्या,

तुझा व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकला. "तुमची आफ्रिकन तूर आली की आमचा भाव बसतो." मधल्या शिव्या गाळून लिहिलंय. उत्तर टाइप करायला घेतलं, पण एवढं सगळं अंगठ्यानं उरकेना. म्हणून शाळेतल्यासारखं कागद-पेन.

आधी एक सांगतो, आफ्रिकन तूर अशी एक गोष्टच नाही. ५४ देशांचा, आपल्या देशाच्या नऊपट मोठा खंड आहे हा. तुझ्या डाळमिलमध्ये येते ती मुख्यतः मोझांबिक, टांझानिया आणि मलावीची. आमच्या गोदामात येणाऱ्या तुरीला इथे नांडोलो म्हणतात, टांझानियात म्बाझी. मक्याच्या ओळींमध्ये लावतात, अगदी आपल्या आंतरपिकासारखी. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरतात आणि जुलैपासून काढतात. म्हणजे तुझ्याकडची जुनी तूर संपत आलेली आणि नवीन अजून शेतात, नेमकी त्याच वेळी ही बंदरावर लागते. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्याचा एवढाच काय तो फायदा. बाकी सगळा भूगोल शेतकऱ्याच्या मुळावर आलेला.

आठवीत आपण आफ्रिकेच्या नकाशात रंग भरले होते, आठवतं? कागद सपाट होता, तिथेच घोळ झाला. आपल्याकडे सह्याद्री एका अंगाला आहे, एक बोरघाट उतरलं की मुंबई. इथे खंडाचा बराचसा भाग पठार आणि त्याला जवळपास चहूबाजूंनी घाट. नद्या पठारावर आरामात फिरतात आणि समुद्र जवळ आला की कोसळतात. काँगोचं तेच. एवढी अफाट नदी, पण किन्शासापासून खाली मातादीपर्यंत नुसते खळाळ, जहाज चढतच नाही. शेवटी १८९८ मध्ये बाजूनं रेल्वे टाकावी लागली.

माझ्या गावाला, ब्लँटायरला, ज्याच्या जन्मगावाचं नाव दिलंय, तो स्कॉटिश धर्मप्रचारक आणि शोधक लिव्हिंगस्टन १८५८ मध्ये वाफेची बोट घेऊन झांबेझीत शिरला. नदी म्हणजे व्यापाराचा हमरस्ता होणार, अशी त्याची खात्री. काहोरा बासाच्या धबधब्यांनी तो अडवला. मग तो शिरे नदीत वळला, तर १८५९ मध्ये तिथेही तेच. मलावीच्या तळ्यातून निघालेली शिरे मधल्या ऐंशीएक किलोमीटरमध्ये पावणेचारशे मीटर खाली उतरते, बोट काय चढणार? आता त्याच उतारावर देशाची बहुतेक वीज बनते. जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळात कापिचिराचं धरण फुटलं आणि एका रात्रीत देशाची जवळपास तिसरा हिस्सा वीज गेली. आमच्या गोदामातली चाळण्या-पंख्यांची यंत्रं तेव्हा कितीतरी दिवस गप्प होती. बायका सुपांनी तूर पाखडत होत्या.

आता हिशेब बघ. लिंबेहून समुद्र सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर. पण तिथे क्वेलिमाने, नदीकाठचं उथळ बंदर, मोठं जहाज लागत नाही. बैरा त्याहून लांब, आणि तेही नदीच्या मुखावर, सतत गाळ उपसावा लागतो. खरं खोल, नैसर्गिक बंदर म्हणजे नाकाला, ते सरळ मोजलं तरी सहाशेच्या वर. तिथवर रेल्वे आहे, १९७० मध्ये जोडली. पण मोझांबिकच्या यादवीत ती बंद पडली आणि मलावीचा माल पार दार-ए-सलाम नाहीतर डर्बनकडून फिरत गेला. तू लातूरचा, तुला हे कळेल. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं आलेला माल कुर्डूवाडीला उतरवून मोठ्या गाडीत भरायचे, तेव्हा तुझे आजोबा हमालीच्या नावानं बोटं मोडायचे. तिथे आड आला होता रुळांचा गेज, म्हणजे रुंदी, इथे मध्ये दुसरा देश. ज्याला किनाराच नाही त्यानं शेजाऱ्याशी भांडायचीही सोय नाही. आफ्रिकेत असे १६ देश आहेत.

हे सगळं भाडं कापून उरतं ते शेतकऱ्याच्या हातात. वजनकाट्यावर बायका-पोरं डोक्यावरून अर्धं पोतं घेऊन येतात. कोणाचं वीस किलो, कोणाचं तीस. एक कंटेनर भरायला अशी कितीतरी घरं लागतात. मलावीला परकीय चलन मिळतं ते मुख्यतः तंबाखूतून. साखर, चहा त्याच्या मागे. नांडोलो गरिबाचं पीक, म्हणूनच सरकारचं तिच्याकडे फारसं लक्ष नसतं.

आणि २०१७ विसरलास का? तुमच्याकडे तुरीचं विक्रमी पीक, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये आणि बाजारात त्याच्या खाली. तेव्हा दिल्लीनं ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा घातली. मोझांबिकचा भारताशी तूरखरेदीचा करार आदल्या वर्षी झालेला, ते वाचले. मलावीवाले उघड्यावर. आधीच्या वर्षांतला चढा भाव बघून इथल्या लोकांनी तूर वाढवलेली, आणि काढणीच्या दिवसांत गिऱ्हाईकच नाहीसं झालं. मला इथे काट्यावर विचारायचे, "इंडिया कधी घेणार?" तुझ्या गल्लीत तेव्हा लोक विचारत होते, "बाहेरची कधी थांबणार?" दोन्ही बाजूंना माझीच माणसं. पुढे २०२१ मध्ये मलावीशी वर्षाला ५०,००० टनांचा करार झाला, तेव्हा कुठे लोकांचा थोडा धीर बांधला.

तू म्हणशील, हा तिकडचाच झाला. झालो असेन. पण शिव्या द्यायच्याच तर पोत्याला देऊ नकोस, धोरणाला दे. ते सप्टेंबरात एक असतं आणि जानेवारीत दुसरं.

इथे हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून रस्त्यावर विकतात, आपल्यासारख्याच. वाळलेली तूर मात्र अख्खीच शिजवतात आणि न्सिमाशी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीशी खातात. मी परवा डाळ करून आमटी केली. गोदामातल्या पोरांनी चाखली आणि एकानं विचारलं, "साल कुठं टाकलंस?"

आमटीला चव नव्हती, कारण काळा मसाला संपलाय. वहिनींना सांगून किलोभर पाठव, दिवाळीनंतर येणाऱ्या कोणाच्या तरी सामानात बसेल.

तुझा,
पंड्या