मुलांना घड्याळ घेण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याकडे जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागल्यापासून मला चार जणांनी एकच प्रश्न विचारला. दोन शेजारी, एक जुना सहकारी आणि माझा साडू. मुलाला किंवा मुलीला बक्षीस म्हणून चावीचं नाहीतर ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप भरणारं) घड्याळ घ्यायचं आहे, परवडेल असं कुठलं घेऊ? माझ्या नातीसाठी गेल्या वर्षी मी हा सगळा खटाटोप केला, हे गावात माहीत आहे म्हणून विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा आपल्या पत्रातून सांगावं असं वाटलं. आमच्यासारखी फसगत दुसऱ्या कोणाची होऊ नये.

मी एसटीत एकतीस वर्षं होतो. त्यातली बहुतेक वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून देवगड, कणकवली, कुडाळ आणि शेवटी मालवण इथे काढली. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, याची नोंद हेच काम. १९८० साली नोकरीला लागलो तेव्हा एचएमटीचं ‘जनता’ घेतलं, १७ ज्वेलचं (म्हणजे आत चाकांची टोकं फिरायला सतरा खडे बसवलेलं), रोज चावी द्यायचं. रेडिओवर बातम्यांआधी टुक टुक वाजायचं, त्यातल्या शेवटच्या ठोक्याला काटा जुळवायचा आणि मग स्टँडवर जायचं. ते घड्याळ आजही चालतं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बेंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ साली केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी गेली तरी माझं घड्याळ मालवणच्या बाजारात अजून दुरुस्त होतं. मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

नात लहानपणी माझ्या मनगटाला कान लावून बसायची. नववीत गेल्यावर म्हणाली, “आजोबा, माका सेलचा नको. तुमच्यासारख्या चावीचा व्हया.” माझा ऊर भरून आला आणि त्या भरात मी घाई केली. मोबाईलवर शोधलं. दोन्ही बाजूंनी काच, आत फिरणारी चाकं दिसतात, वर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं, किंमत १,६९९ रुपये. मागवलं. घड्याळ आलं ते भाकरीएवढं. तबकडी ४५ मिलिमीटरची. तिच्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्याचे कान बाहेर येत होते. तरी पोरगी खूश होती. जूनच्या अखेरीला घेतलं आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं. विकणाऱ्याने सांगितलं, परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती. तिने ते घड्याळ डब्यात घालून कपाटात ठेवलं आणि मला काही बोलली नाही. तिने रागावायला हवं होतं, ते मला सोपं गेलं असतं.

मग आम्ही आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीशेजारी त्याचं काचेचं टेबल आहे. वडिलांनंतर तोच बसतो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि नातीला जवळ बोलावून दाखवलं. झाकणाखालची रबराची रिंग केसासारखी बारीक आणि एका जागी तुटलेली. चावीच्या दांड्यावर तांबूस गंज. चाकांच्या टोकांशी तेलाचा थेंब नाही. “काका, ह्येचे पार्ट खय गावतले?” एवढंच त्याने मला विचारलं. आणि तिच्याकडे वळून म्हणाला, “ह्या घड्याळ नाय, खेळणा आसा. तू वायट वाटून घेव नको.”

त्यानंतर त्याच्या टेबलापाशी आम्ही चार-पाच रविवार बसलो. तिथे शिकलेलं सांगतो.

दुकानात जाण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, तू कुठलं मशीन उघडतोस, कुणाचे भाग तुझ्याकडे मिळतात? चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांनी उघडून, धुऊन, नवं तेल घालावंच लागतं. तेल सुकतं. आपल्या हवेत तर त्याआधीही उघडावं लागतं. जे घड्याळ गावात किंवा निदान कणकवली-कोल्हापुरात उघडता येत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी महागच. काही घड्याळं तर उघडायची म्हणून बनवलेलीच नसतात. स्वॅच कंपनीने २०१३ साली ‘सिस्टम ५१’ नावाचं ऑटोमॅटिक काढलं, त्यात जेमतेम ५१ भाग आणि जोडणी यंत्रांनी केलेली. कल्पना हुशारीची आहे, पण ते आतून दुरुस्त होत नाही. पहिलं घड्याळ असं नसावं, हे माझं ठाम मत आहे. मुलाला आतलं कळलं पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याचं. घाटावर जे घड्याळ दहा वर्षं चालेल ते मालवणात चार पावसाळ्यांत गंजतं, कारण खारा वारा आणि दमट हवा चावीच्या बारीक फटीतून आत शिरते. मागे ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं पोहायला चालेल. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे, बुडी मारण्याचा नाही. ३० मीटरवाल्याला हात धुताना उडालेलं पाणी झेपतं, बस्स. समुद्रात किंवा विहिरीत उतरायचं असेल तर १०० मीटरवालं हवं, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला हवं. चावी बाहेर ओढलेली असताना मात्र कुठल्याच घड्याळाला पाणी लागू देऊ नका.

धातूही नीट पाहा. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं असलं की आपण समजतो पूर्ण घड्याळ स्टीलचं. तसं नसतं. फक्त झाकण स्टीलचं, बाकी अंग पितळेचं आणि वर मुलामा. घामाने मुलामा उडतो, मग कडेला हिरवट डाग येतात. आणि चामड्याचा पट्टा तर आषाढात घेऊच नये, आठ दिवसांत पांढरी बुरशी. नायलॉनचा पट्टा घ्या. दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो, साबणाने धुता येतो.

घड्याळ केवढं हवं, हे दोऱ्याने ठरतं. दोरा मनगटाभोवती घ्या आणि पट्टीवर मोजा. आमचीचं मनगट साडेपाच इंच भरलं. दुरुस्तीवाला म्हणाला, या मनगटाला ३४ ते ३८ मिलिमीटर, त्यापुढे नको. इथे एक तक्रार करतो. एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा “मुलीसाठी” म्हटल्याबरोबर समोर सोनेरी साखळीची, शेंगदाण्याएवढ्या तबकडीची, सेलवरची घड्याळं मांडली गेली. तिने दोनदा सांगितलं की चावीचं हवंय. तिसऱ्यांदा मी सांगितलं तेव्हा ऐकलं. मुलींना मशीन आवडू शकतं, हे विक्रेत्यांनी लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैशांचं सांगायचं तर, पंधरा-वीस हजार किंवा त्याहून थोडे जास्त घालण्याची ऐपत असेल तर सिटिझन, सेइको, ओरिएंट या जपानी कंपन्यांची ऑटोमॅटिक डोळे झाकून घ्यावीत. त्यांची मशीनं दणकट, आणि शिकलेल्या दुरुस्तीवाल्याला ओळखीची. सेइकोची ‘फाइव्ह’ ही मालिका १९६३ पासून चालू आहे. त्यातलं १०० मीटरवालं मिळालं तर किनाऱ्यावरच्या मुलासाठी त्याहून योग्य मला सुचत नाही. एकच सूचना मुलाला द्या. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात हाताने तारीख बदलायची नाही. त्या वेळात तारखेचं चाक आतून अडकलेलं असतं, जोर लावला की दाता तुटतो.

आमचा हात एवढा पोहोचत नव्हता. शेवटी दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या खणातून एचएमटीचं ‘पायलट’ काढलं. काळी तबकडी, तारीख नाही, १७ ज्वेल, रोज चावीचं. धुऊन, तेल घालून, काच बदलून, सहा महिन्यांच्या हमीसह २,२०० रुपये. पण हेच घड्याळ मोबाईलवर बघाल तर केशरी, पोपटी, निळ्या तबकड्यांची शेकड्याने दिसतील. सावध राहा. ती बहुतेक रिडायल केलेली असतात, म्हणजे जुनी तबकडी खरवडून नवा रंग दिलेला. भिंगातून पाहिलं तर अक्षरं जाड आणि फुटलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा काट्याखाली सरळ येत नाहीत. आत कधी कधी तीन घड्याळांचे भाग मिळून एक मशीन केलेलं असतं. झाकण उघडून मशीनवर एचएमटी कोरलेलं आहे का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाईलवरून ते बघता येत नाही.

मी ऑटोमॅटिकपेक्षा चावीचंच का निवडलं, हेही लोक विचारतात. ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीने आपोआप भरतं, ते सोयीचं आहेच. पण चावी देताना कमान, म्हणजे आतली गुंडाळलेली स्प्रिंग, भरत जाते ते बोटांना कळतं. पंचवीस-तीस वळसे झाले की चावी जड लागते, तिथे थांबायचं, पुढे रेटायचं नाही. हे थांबणं ती दोन दिवसांत शिकली. सकाळी सातला चावी द्यायची आणि मोबाईलच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक तो वहीत लिहायचा, हा तिने स्वतःच लावलेला नेम. मला माझी स्टँडवरची नोंदवही आठवली.

पहिल्या आठवड्यात घड्याळ रोज वीस-बावीस सेकंद पुढे जात होतं. तिला वाईट वाटलं. मग आम्ही हिशेब केला. या मशीनचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात वीसचा फरक म्हणजे दहा हजारांत सव्वादोनच्या आसपास. कागदाएवढ्या पातळ कमानीवर आणि बोटाच्या नखाएवढ्या चाकावर चालणारं यंत्र इतकं नेमकं असतं, हे कळल्यावर तिने तो भागाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्जचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणून तो वेळेला पक्का. वेळच पाहायची असेल तर तेच घ्यावं. घड्याळ समजून घ्यायचं असेल तर चावीचं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ओरडत आली, “आजोबा, ह्या फास्ट झाला!” एका रात्रीत पाच मिनिटं पुढे. मला वाटलं मोडलं. दुरुस्तीवाल्याने होकायंत्र जवळ नेलं, सुई हलली. रात्री घड्याळ टॅबच्या कव्हरवर ठेवलं होतं, त्या कव्हरात लोहचुंबक. बॅलन्सवरच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि बॅलन्स घाईने झुलतो. त्याने चुंबक काढायच्या यंत्रावर घड्याळ धरलं, बटण दाबून हळूच वर उचललं. मिनिटभराचं काम, पैसे घेतले नाहीत. स्पीकर, टॅबची कव्हरं, चुंबकाची पाकिटं यांच्यापासून घड्याळ लांब ठेवायचं, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

पावसात ती ते घड्याळ घालत नाही. शाळेत जाताना अडीचशे रुपयांचं रबरी पट्ट्याचं सेलचं, घरी आल्यावर ‘पायलट’. पावसाळ्यात ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर राहतं. औषधांच्या बाटल्यांत, बुटांच्या खोक्यांत येतात त्याच पुड्या, टाकून देऊ नका.

शेवटी एक मागणं आहे. आमच्या बाजारात मला आठवतात तशी दुरुस्तीची तीन टेबलं होती, आता मला ठाऊक असलेलं हे एकच. त्याच्याकडचे एचएमटीचे भाग येतात ते लोकांच्या बंद पडलेल्या घड्याळांतून. नातीच्या ‘पायलट’ची चावी आणि सेकंदकाटा आचऱ्याच्या एका आजींनी दिलेल्या घड्याळातले आहेत. त्यांच्या यजमानांचं होतं, वीस वर्षं देवघराच्या फडताळात पडून होतं. वाचकांपैकी कोणाच्या घरी असं बंद घड्याळ असेल तर ते भंगारात देऊ नका, गौरी-गणपतीला गावी याल तेव्हा बरोबर आणा आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवा. काच फुटलेली असली, काटे नसले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, मालवण
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)