आधी पिस्टन, मग बोअर

नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कास्ट आयर्न बुलेट 350 चा सिलिंडर अंबडला बोअरिंगला (आतली गोल पोकळी, म्हणजे बोअर, कापून वाढवायला) टाकतोयस, तर आधी पिस्टन घे आणि सिलिंडरसोबत तोही बोअरवाल्याच्या हातात दे. खोक्यावर 020 लिहिलंय म्हणून तेवढाच बोअर वाढवायला सांगू नकोस. एकाच नंबरचे दोन पिस्टन मापात तंतोतंत सारखे निघतीलच असं नाही. बोअर त्या पिस्टनचा हवा, नंबरचा नव्हे.

मूळ बोअर 70 मिमी. 020 म्हणजे पिस्टन मूळ मापापेक्षा 20 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा, जेमतेम अर्धा मिमी. त्याने इंजिन 346 चं 351 सीसी होतं, म्हणजे ताकदीसाठी यात काही नाही, झीज तेवढी काढायची. उगाच 040 वर उडी मारू नकोस, पुढच्या खेपेसाठी लोखंड शिल्लक राहू दे. बोअर गेजने वर, मध्ये, खाली मोज; प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि आडवं. जास्त झीज बहुधा वर, पिस्टनच्या रिंगा वर जाऊन परत फिरतात तिथे, आणि पुढे-मागे सापडेल. पिस्टनचा रेटा त्याच दिशेला असतो.

पिस्टन पूर्ण गोल नसतो. पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी गजन पिन) दिशेला तो किंचित अरुंद असतो आणि डोक्याकडे निमुळता, कारण डोकं जास्त तापून फुगतं. म्हणून मायक्रोमीटर स्कर्टच्या (पिस्टनची रिंगांखालची भिंत) खालच्या भागात, पिनला काटकोनात लाव. त्या मापावर 3 ते 4 थाऊ क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा), म्हणजे 0.08 ते 0.10 मिमी. पिस्टनसोबत कंपनीचा आकडा आला असेल तर तोच धर. कमी ठेवलास तर तापल्यावर जाम होईल. जास्त ठेवलास तर खडखड आणि निळा धूर. शेवटचे 0.05 मिमी होनिंगनेच (घासदगडाने घासून) काढायला सांग. आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत, तेल त्यांच्यातच टिकतं.

सिलिंडर परत आला की धुणं. कामाची माती बहुतेकदा इथेच होते. होनिंगची पूड नुसत्या पेट्रोलने सुटत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. सुकवून पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून आतून फिरव. फडकं करडं निघालं की पुन्हा धू. ती पूड नव्या रिंगा खाते.

प्रत्येक रिंग पिस्टनच्याच डोक्याने बोअरमध्ये इंचभर खाली सरळ ढकल आणि रिंगच्या दोन टोकांमध्ये फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) घाल. तिथे 0.30 मिमीच्या आसपास गॅप हवा. फार कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. कानस बाहेरून आत, एकाच दिशेने चालव. बसवताना गॅप एका रेषेत येऊ देऊ नकोस.

गजन पिन ठोकायची नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टन उकळत्या पाण्यात तापवून पुसून घेतलास की पिन अंगठ्याने सरकते. क्रँककेसच्या तोंडात आधी फडकं कोंब आणि पिन जागेवर धरणारे लॉक नवेच घाल. रॉड वर-खाली हलवून बिग एंडही (रॉडचं क्रँककडचं टोक) तपास. तिथे खेळ असेल तर पिस्टन बसवण्याआधी तेच काम.

पहिले 500 किमी त्र्यंबक रोडला, 50 च्या आत, थ्रॉटल कमी-जास्त करत चालव. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कस, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघ. कसारा घाट नंतर.

तुझा,
अविनाश