आधी बाहेर पडायची वाट, मग ट्रायपॉड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यात सयाजीगंजातल्या आमच्या इमारतीच्या दारात टर्नस्टाइल, म्हणजे कार्ड दाखवून एकेकाने दांडा ढकलत जायचे फाटक, बसवायचा ठराव देखभाल समितीने नुकताच मंजूर केला. दोन लॅपटॉप गेले, पार्किंगमधून एक ॲक्टिव्हा गेली, आणि भरदुपारी कोणी परका माणूस एका ऑफिसात शिरून टेबलाचे खण चाचपताना सापडला. एवढे झाल्यावर ठराव होणारच होता. (लॉबीतल्या टर्नस्टाइलने पार्किंगमधली ॲक्टिव्हा कशी वाचेल, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.) माझा विरोध नाही. माझी सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली, आणि कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेरचे ट्रायपॉड, म्हणजे तीन दांड्यांचे टर्नस्टाइल, बिघडले की मलाच बोलावत. वस्तू वाईट नाही. पण अलकापुरीपासून रेसकोर्सपर्यंत जिथे जिथे ही चर्चा कानावर येते, तिथे प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला पडेल, कार्ड ठेवायचे की चेहरा, आणि दिवाळीआधी बसेल का. आतली माणसे बाहेर कशी पडणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आमची इमारत बडोद्यातल्या शंभर इमारतींसारखीच आहे. तळाला दुकाने, पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना, दुसऱ्या-तिसऱ्यावर नीट-जेईईचे क्लास, त्याच्या वर ऑफिसे. दुकानांची तोंडे रस्त्याकडे आहेत. बाकी सगळ्यांना मिळून एकच लॉबी आणि तिला सहा फुटी दार. दुसरा जिना नकाशात आहे. प्रत्यक्षात त्यात कुणाची तरी खोकी आणि मोडक्या खुर्च्या आहेत.

विक्रेत्याचा मुलगा टेप घेऊन आला, दार मोजले, आणि दोन ट्रायपॉड, उरलेल्या जागेत स्टीलचे रेलिंग असे चित्र काढून गेला. कोटेशनमध्ये ‘मिनिटाला तीस माणसे’ असे छापले होते. छापणारा खोटे बोलत नाही, फक्त त्याची माणसे रिकाम्या हाताने, कार्ड बोटांत धरून, एकामागोमाग चालत येतात. आमच्याकडची माणसे पाठीवर दप्तर, एका हातात मोबाइल, कार्ड कुठल्या खणात ठेवले ते आठवत येतात. मिनिटाला वीस गेली तरी डोक्यावरून पाणी. संध्याकाळी क्लास सुटतो तेव्हा अडीचशेच्या आसपास पोरे एकदम खाली येतात. आज उघड्या दारातून ती दोनेक मिनिटांत रस्त्यावर असतात. दोन ट्रायपॉडमधून मिनिटाला चाळीस म्हटले तर सहा मिनिटांच्या वर लागतील, आणि तोवर रांग जिन्यात उभी. रोजच्या दिवशी हे चालूनही जाईल. पोरे एकमेकांना ढकलतील, वॉचमनकाका ओरडतील, संपले.

पण २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला संकुलाला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासची मुले खिडक्यांतून उड्या मारत होती. बावीस विद्यार्थी गेले. तिथे टर्नस्टाइलचा काही संबंध नव्हता. जिन्याची वाट बंद झाली, एवढेच. आमच्याकडे जिन्याची वाट उघडी राहील आणि मुले धावत खाली येऊन आम्हीच पैसे देऊन बसवलेल्या स्टीलवर आदळतील. त्या आगीनंतर गुजरातभर क्लासवाल्यांची तपासणी झाली. आमच्या इमारतीतही लाल सिलिंडर आले, बाणांच्या हिरव्या पाट्या आल्या. आता तोच हिरवा बाण पाहत खाली आलेल्या माणसाला समोर ट्रायपॉड दिसणार.

हे मीटिंगमध्ये बोललो तर उत्तर तयार होते. ‘काका, लाइट जाय एटले हाथ पडी जाय!’ बरोबर आहे. चांगल्या ट्रायपॉडमध्ये वीज तुटली की आडवा दांडा आपोआप खाली लोंबतो. पण दांडा पडला तरी तो ज्या पेटीला लावलेला असतो ती उभीच राहते. दोन पेट्यांमधली किंवा पेटी आणि रेलिंगमधली वाट साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे वीस-बावीस इंच. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ बाहेर पडायच्या दाराला किमान १००० मिलिमीटर रुंदी मागते. सहा फुटी दाराच्या आपण स्वतःच दोन फटी करतो आणि वर म्हणतो, दांडा पडतो ना! त्या फटीतून स्ट्रेचर न्यायचे तर धरणाऱ्यांना अंग चोरावे लागेल, आणि व्हीलचेअर तर शिरणारच नाही. पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, हे मी वर सांगितलेच.

शिवाय ‘लाइट जाय’ म्हणजे कुठली लाइट? कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात यूपीएस आहे. वीज गेली तरी टर्नस्टाइल चालू राहावे म्हणून तो घेतलेला. मग आग लागून मेन स्विच पडला, तरी यूपीएस इमानदारीने त्या दांड्याला वर धरून ठेवणार. म्हणून फायर अलार्मच्या पॅनलमधून एक तार सरळ टर्नस्टाइलच्या कंट्रोल बोर्डाला हवी, आणि अलार्म वाजला की यूपीएस असो-नसो, दांडा पडलाच पाहिजे. ती तार अशी जोडायची की ती मध्येच उंदराने कुरतडली तरी दार उघडे राहील, बंद नाही. फोरमन मंडळी याला नॉर्मली क्लोज्ड जोडणी म्हणतात. आणि वॉचमनच्या टेबलाशी हाताने दाबायचे एक बटण. या सगळ्याला लागते काय? थोडी वायर, एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आणि इलेक्ट्रिशियनचे एका दिवसाचे काम. आमच्या कोटेशनमध्ये यातले काहीच नव्हते. मुलाला विचारले तर म्हणाला, ‘बधे आ ज चाले छे.’ म्हणजे सगळीकडे असेच चालते.

यावर उपाय जुनाच आहे: ट्रायपॉडच्या शेजारी त्याच ओळीत एक रुंद झडप. कमीत कमी मीटरभर रुंद, बाहेरच्या बाजूला उघडणारी, फायर अलार्मवर आपोआप सुटणारी. त्यातून व्हीलचेअर जाईल, वीस लिटरचा जार खांद्यावर घेतलेला पाणीवाला जाईल, डबेवाल्या बेन जातील, नवरात्रात घेरदार चणियाचोळी घालून थेट क्लासमधून गरब्याला निघालेल्या मुली जातील. (ओढणी ट्रायपॉडच्या दांड्यात अडकते तेव्हा काय तमाशा होतो, ते मी कारखान्यात पाहिले आहे.) जागा पुरत नसेल तर एक ट्रायपॉड कमी करा, पण ही झडप कमी करू नका.

आणि आता या झडपेचे जे होते ते सांगतो, कारण सगळे घोडे इथेच पेंड खाते. पहिले पंधरा दिवस ती व्यवस्थित चालते. मग लोकांना कळते की इथून कार्डाशिवाय जाता येते. कुरियरवाला जातो, त्याच्यामागून दोघे जातात, मग सगळेच. समिती वॉचमनला झापते. वॉचमन काय करणार? तो सायकलची साखळी आणतो आणि झडपेला कुलूप घालतो. किल्ली त्याच्या खिशात, आणि तो चहाला गेलेला. मी अशी कुलपे इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की कुठल्या इमारतीत नाही ते विचारा. वॉचमनचा दोष नाही. झडपेशी माणूस नेमायचे पैसे वाचवायचे आणि वर झडप कोणी वापरायची नाही, असे दोन्ही मागितल्यावर साखळी येणारच. झडपेला साधी घंटी लावा. उघडली की वाजेल आणि वॉचमन मान वर करेल. शंभरातले नव्वद फुकटे त्या घंटीनेच लाजतात.

विकत घेण्याआधी आम्ही एक केले, ते इतरांनीही करून पाहावे. तळाच्या दुकानातून फ्रिजची रिकामी खोकी आणली, ट्रायपॉडच्या पेट्यांच्या मापाने कापली, खडूने रेघा मारून लॉबीत उभी केली आणि दांड्याच्या जागी सुतळी बांधली. दिवसभर तशीच ठेवली. दुपारपर्यंत एवढे कळले की डावीकडचा खांब ज्या कोपऱ्यात आहे तिथे पेटी ठेवली तर लिफ्टची रांग आणि ट्रायपॉडची रांग एकमेकींत घुसतात. हे टेप घेऊन आलेल्या मुलाला दिसले नव्हते, कारण तो आला सकाळी दहाला, लॉबी रिकामी असताना. पेट्या दारापासून चार पावले आत सरकवल्यावर जिन्यातून आलेला माणूस सरळ झडपेसमोर आला. चित्र बदलून घेतले.

फरशीचे दोन शब्द. आमच्या लॉबीत कोटा दगडाची फरशी आहे आणि त्याखाली माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. बसवणारे घाईत पेटीचे अँकर बोल्ट फरशीतच ठोकतात. दांड्याला दिवसभर मांडीचे धक्के बसतात, आणि काही महिन्यांत पेटी हलत्या दातासारखी डुगडुगायला लागते. बोल्ट खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. आमच्या खाली पार्किंगचा स्लॅब आहे, म्हणजे भोक पाडताना सळई किंवा जुनी वायरिंग तुटायची भीती. आधी खालून जाऊन बघायचे. झिरी मारायचीच आहे तर विजेचा पाइप वेगळा, डेटाचा वेगळा, आणि एक पाइप रिकामा, आत तार ओढून ठेवलेला. उद्या कॅमेरा लावायचा झाला तर पुन्हा कटर आणून धुरळा नको.

बडोदेकरांना आणखी एक गोष्ट सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या लॉबीत गुडघ्याएवढे पाणी होते. धोक्याची पातळी २६ फूट. सयाजीगंजात हे शंभर वर्षांतून एकदाचे प्रकरण नाही. काही यंत्रांत पॉवर सप्लाय पेटीच्या तळाशी असतो, फ्लॅप बॅरियरच्या (दांड्याऐवजी सरकती पाती असलेल्या फाटकाच्या) काही नमुन्यांत मोटरही खालीच. आमच्यासारख्या ठिकाणी सप्लाय वरच्या झाकणाखाली असलेले यंत्र मागा आणि त्याचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) भिंतीवर छातीच्या उंचीला घ्या. पेटी ओट्यावर चढवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, माणसे ओट्याला ठेचकाळतील. स्टील ३०४ नंबरचे आहे ना, तेही लिहून घ्या. २०२ स्वस्त पडते आणि चिखलपाण्यानंतर त्याच्यावर गंजाचे ठिपके येतात.

कार्ड की चेहरा यावर फार बोलत नाही. क्लासची बहुतेक मुले अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या वयाच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्या वॉचमनच्या टेबलावर पाहुण्यांचे मोबाइल नंबर लिहिलेली वही उघडी पडलेली असते, ती आधी नीट सांभाळा. मग पोरांचे चेहरे सांभाळायची भाषा करू. कार्ड पुरते.

अग्निशमनच्या तपासणीला येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सिलिंडरची तारीख पाहाच, पण दारातल्या ट्रायपॉडसमोरही एकदा उभे राहा, अलार्म वाजवायला लावा आणि दांडा पडतो का बघा. रुंद झडपेला साखळी दिसली तर एनओसीच्या (ना-हरकत दाखल्याच्या) कागदावर ते लिहा. समित्या आमच्यासारख्याच असतात, कागदावर लिहिल्याशिवाय हलत नाहीत.

आमच्यापुरते मी ठरावात एक कलम घालून घेतले आहे. शेवटचा हप्ता चाचणी झाल्याशिवाय द्यायचा नाही. चाचणी म्हणजे यूपीएस चालू ठेवून अलार्म वाजवायचा, दांडे पडले पाहिजेत, झडप सुटली पाहिजे, आणि दवाखान्यातली व्हीलचेअर वॉचमनच्या मदतीशिवाय बाहेर गेली पाहिजे. विक्रेत्याने रविवारी सकाळची वेळ सुचवली होती. ती आम्ही नाकारली. चाचणी क्लास सुटायच्या वेळीच होईल, पोरे जिन्यात असताना.

आपला,
एक निवृत्त फोरमन
दांडिया बाजार, बडोदे